खिळ्यावरची याद

आमच्या आर्णीच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी पाहत नसे. सगळे मला विचारायचे. बाबा सकाळी राखुंडीनं दात घासता घासताच हाक मारायचे, "शोभे, आज काय काय हाय वं?" आणि मी चुलीपुढून न उठता धडाधडा सांगायचे: दळण टाकायचं हाय, म्हशीची सरकी भिजवायची हाय, दादाचा सदरा धोब्याकडून आणायचा हाय, राऊतकाकूनं नेलेली परात अजून आली नाही. पंधरा वर्षांची होते मी, नववीत. गणितात मार खायचे, पण घरातलं एक काम डोक्यातून निसटेल तर शपथ. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हे पोट्टी म्हंजे आमच्या घरची याद हाय." आमच्याकडे याद म्हणजे आठवण आणि याद म्हणजे यादीसुद्धा. मी दोन्ही होते. त्या एका वाक्यावर मी दिवसभर हवेत असायचे, आता सांगायला काय लाजायचं!

माय शाळेत गेलेली नव्हती. तिचं राज्य भांड्यांवर होतं. तेव्हा घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव टाकून घ्यायची पद्धत होती. दादाच्या बारशाला आलेली पितळी भांडी होती, त्या सगळ्यांवर 'चि. मधुकर' असं टोचून लिहिलेलं. ताटं, गंज, गडवे, पाणी प्यायचे पेले, जिकडे तिकडे मधुकर. माझ्या बारशाला आलेली भांडी माझ्या लग्नात द्यायची म्हणून फडताळावर फडक्यात बांधून ठेवली होती, त्यांच्यावर नाव सासरचं पडणार. म्हणजे पाणी प्यायचं तर दादाच्या नावानं, आंघोळीचं पाणी काढायचं तर दादाच्या नावानं. माय सकाळ-संध्याकाळ राखेनं ती भांडी अशी लखलखीत घासायची की नावाच्या खाचेतसुद्धा काळं राहायचं नाही. मी तेव्हापासूनच दादावर थोडी जळायचे. पण ते रोजचं होतं, वहिनी आल्यावर जे पोटात पेटलं ते वेगळं.

वहिनी कळंबची. नाव कुंदा. तिचे वडील तिथल्या एका शाळेत चपराशी होते. मॅट्रिक झालेली, उंच, हळू बोलणारी. कामाला वाईट म्हणायची सोय नव्हती. गोळ्याची कढी तर अशी करायची की बाबा वाटी तोंडाला लावायचे. तिच्या पेटीत साड्यांच्या खाली जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता, एका बाजूला छापलेल्या, दुसऱ्या बाजूनं कोऱ्या. कात्रीनं कापून तिनं त्याच्या लांब लांब पट्ट्या केल्या होत्या. रोज सकाळी चहा टाकायच्या आधी ती एक पट्टी घ्यायची, दिवसभराची कामं एकाखाली एक लिहायची आणि चुलीजवळच्या खिळ्याला अडकवायची. काम झालं की पेन्सिलीनं त्याच्यावर रेघ. संध्याकाळी सगळ्या ओळींवर रेघ पडलेली असली की तो कागद ती चुलीत घालायची आणि असा सुस्कारा सोडायची, जशी एखादी लढाई जिंकून आली. मला हसू यायचं. चार कामं लक्षात राहत नाहीत म्हणून कागद लागतो!

पहिल्याच आठवड्यात तिनं मला त्याचं कारण सांगितलं होतं. आम्ही दोघी परसात तूर निवडत होतो. ती म्हणाली, "ताई, लहानपणी मले मुदतीचा ताप आलता. तवापासून माह्या डोक्यात काही टिकत नाही. आत्ता सांगतलेलं आत्ता जाते. बाबांनी मंग हे लिवाची सवय लावली, लिवून लिवूनच मॅट्रिक झाली मी. लग्नात हे सांगतलं नाही कोनी. तुमी कोनाले सांगू नका हं." आमच्याकडे वहिनी धाकट्या नणंदेलाही ताई म्हणते. मी म्हटलं, "मी कायले सांगू?" आणि खरंच कोणाला सांगितलं नाही. पण मनात म्हटलं, बरं झालं, हिच्याकडे कागद, आपल्याकडे डोकं. ती माझ्याशी मैत्री करायला आली होती आणि मी तिचं उणं मोजत बसले होते.

पण झालं उलटंच. कागद खिळ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. बाबा आधी गंमत म्हणून वाचायचे, मग सवयीनं वाचू लागले. दादा शेतातून आला की फटफटी लावून थेट चुलीकडे, कागद पाहायचा आणि म्हणायचा, "बटन लावलं वाटते." वहिनी लाजायची. ती त्याचं नाव घेत नव्हती की लिहीतही नव्हती, कागदावर 'यांचं' असायचं. एका बाजाराला दादानं तिच्यासाठी लाल-निळी पेन्सिल आणली, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. नववीत मी होते, चित्रकलेच्या तासाला दुसऱ्यांच्या पेन्सिली मागायची पाळी माझ्यावर यायची, आणि पेन्सिल कोणाला, तर रेघा मारायला वहिनीला! मी दोन दिवस दादाशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

आणि मग ती सकाळ. बाबा राखुंडी घासत आत आले, मी नेहमीप्रमाणे चुलीपुढे उभी, तोंडात वाक्य तयार. "बाबा, आज सरकी..." एवढंच म्हटलं असेन. बाबा म्हणाले, "शोभे, सर बरं जराशी, कागद दिसू दे."

मी सरले. आज माझे गुडघे धरतात, दोन दात गेलेत, कितीतरी मोठी दुःखं येऊन गेली. पण "सर बरं जराशी" हे तीन शब्द अजून आठवले की तोंड कडू होतं.

मायची गोष्ट मात्र निराळी होती. तिला कागद वाचता येत नव्हता, त्यामुळे दुपारी वाती वळता वळता ती मला विचारायची, "काय काय लिवलं वं तिनं आज?" विचारताना खिळ्याकडे पाहायचीसुद्धा नाही, जसं काही तिला त्याच्याशी घेणंदेणंच नाही. मी वाचून दाखवायचे. आधी स्वयंपाकात काय करायचं ते माय ठरवायची. आता कागदावर 'वांगी चिरणे' लिहिलेलं असलं की वांगीच व्हायची. माय ऐकायची आणि वात जरा जोरात वळायची. घरात मी एकटीच जळत नाही हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण दुसऱ्याच्या पोटात काय चाललंय ते पाहायला आपलं पोट तर आधी शांत पाहिजे.

'सर बरं जराशी' झालं त्याच दुपारी मायनं विचारलं, "काय लिवलं वं?" वहिनी नळावर धुणं घेऊन गेली होती. मी खिळ्यावरून कागद काढला. सात ओळी होत्या. तिसऱ्या ओळीवर निळी रेघ होती. 'यांच्या सदऱ्याचं बटण.' मी मायजवळ बसले, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माय, हे पाय. हितं दादाचं नाव लिवलं अन् त्याच्यावर रेघ मारली."

निघून गेलं म्हणते, पण ते खोटं आहे. मी सकाळपासून ते घोकत होते.

जित्या माणसाच्या नावावर रेघ! आमच्याकडे मेलेल्याचं नाव रेशनकार्डावरून असं कमी करतात. मायनं कागद हातात घेतला, त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. मग उठली आणि कागद चुलीत घातला. वहिनी ओल्या धुण्याची बादली घेऊन दारात आली तेव्हा मायचा आवाज पार फाटकापर्यंत गेला. "माह्या पोराच्या नावावर रेघ मारतं तू? त्याचं नाव पुसाले आली काय या घरात?" वहिनीनं बादली खाली ठेवली. "आत्याबाई, मी यांचं नाव कायले लिवीन?" असं म्हणाली, पण म्हणता म्हणताच अडखळली. मी तिचं तोंड पाहत होते. ती आठवत होती. कपाळाला आठ्या घालून सकाळचा कागद डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होती आणि तो येत नव्हता. चुलीत फक्त राख. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी वाचलं ना? खरंच लिवलं होतं का मी?"

मी मान हलवली. हो.

"आजपासून या घरात कागद लिवाचा नाही," माय म्हणाली. वहिनी "हो" म्हणाली. लाल-निळी पेन्सिल तिनं स्वतःच माझ्या दप्तरात आणून ठेवली. मी ती घेतली, वापरलीसुद्धा.

नंतरचे पंधरा-वीस दिवस माझे होते. बाबा नि दादा बायांच्या भांडणात पडले नाहीत, आणि बाबा पुन्हा मला विचारू लागले. वहिनी मात्र एका वाटेनं जायची आणि मध्येच थांबायची. दूध उतू जायचं. बाबांची पोटाची पुडी राहून जायची. एकदा पाहिलं, तिनं बांगड्यांच्या वर मनगटावर शाईनं बारीक काहीतरी लिहिलं होतं, भांडी घासताना ते पुसून गेलं आणि ती रिकाम्या मनगटाकडे पाहत उभी राहिली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. त्याहून जास्त बरं वाटलं. लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे हा सण दिवाळीपेक्षा मोठा. दोन्ही लक्ष्म्या साड्या नेसून उभ्या, वर फुलोरा टांगलेला, सोळा भाज्या एकत्र शिजतायत त्याचा वास, ज्वारीची आंबील, पुरण. नैवेद्य झाला की दोन लक्ष्म्यांच्या नावानं दोन सवाष्णी जेवायला बसतात. त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगावं लागतं, कारण त्या दिवसभर उपाशी राहतात. मायनं आदल्या दिवशी पुरणाची डाळ निवडता निवडता वहिनीला सांगितलं, "राऊतकाकूले अन् सोनारणीले सवाष्ण सांगून ये." वहिनी हो म्हणाली. तेवढ्यात बाबांनी तिला फुलोऱ्याची दोरी मागितली, मग कोणी आलं, मग दिवा लागला. ती गेलीच नाही.

मला याद होतं. मला सगळंच याद असायचं. मी तिच्या शेजारी बसून वेण्या ओवत होते आणि मनात म्हणत होते, विसरली, विसरली. एक शब्द बोलायचा होता फक्त.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नैवेद्य दाखवला, पाट मांडले, ताटं वाढली. सवाष्णी येईनात. मायनं मला पिटाळलं. राऊतकाकू दुपारी जेवून झोपल्या होत्या, म्हणाल्या, "अवं बाप्पा, मले कोनी सांगतलंच नाही!" सोनारीण दुसऱ्या घरी सवाष्ण बसली होती. मी परत आले तेव्हा ताटातली आंबील निवून वर साय धरली होती. माय लक्ष्म्यांपुढे बसून रडत होती. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. वहिनी खांबाला टेकून एकच म्हणत होती, "मले सांगतलं होतं का? आत्याबाई, मले सांगतलं होतं का तुमी?" दादा म्हणाला, "माय, चूक होते मानसाच्यानं." माय म्हणाली, "हे चूक नाही. आधी तुह्या नावावर रेघ, आता लक्ष्म्या उपाशी. हिले कळंबले नेऊन घाल."

लक्ष्म्या उठल्यावर दादा तिला फटफटीवर मागे बसवून घेऊन गेला. पेटी मांडीवर होती. परत आला तो एकटाच, आणि बोलणं त्या घरात ठेवून आल्यासारखा. दिवाळी गेली. कापसाची वेचणी सुरू झाली. दादाच्या सदऱ्याची बटणं एकेक करून तुटली, मी लावते म्हटलं तर म्हणायचा, "राहू दे." बाबा मला "आज काय हाय" विचारायचे, मी सांगायचे, आणि खिळा माझ्या डोळ्यांपुढे तसाच मोकळा असायचा. ज्याच्यासाठी एवढं केलं ते सगळं परत मिळालं होतं. मला ते गोड लागत नव्हतं आणि कोणाला सांगायची सोय नव्हती.

राऊतकाकूंच्या घरी लग्न निघालं. गल्लीभरातून भांडी नेली होती, ती लग्नानंतर एका ढिगात परत आली. ओट्यावर बसून माय आपली भांडी वेगळी काढत होती. "हे आपलं. हे नाही. हे आपलं." एक गंज हातात घेतला, नावावरून अंगठा फिरवला आणि बाजूला सारला. "हे मनोहर हाय, मधुकर नाही." मी तिथेच भाकरीचं पीठ चाळत होते. माझा हात थांबला.

"माय, तुले वाचता येते?"

"एवढंच येते. माह्या मधुकरचं नाव. घासून घासून बोटाले याद झालं."

मग म्हटलं, "मंग त्या दिवशी... त्या कागदावर..."

माय भांडी लावत राहिली. "नव्हतं," म्हणाली. "तुले मालूम होतं, मले बी मालूम होतं."

"मंग तू काहून बोलली नाही?"

"तू काहून बोलली?"

माय हातातला पेला खाली ठेवून म्हणाली, "सारं घर त्या कागदाले इचारे, शोभे. मले कोनी इचारे ना. चोवीस वर्सं या चुलीपुढं काढले मी." मग पदरानं तोंड पुसलं. "तिचा ताप-बिप काही झाला व्हता का वं लहानपनी? असं कसं विसरते मानूस?" तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. माय ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या कळंबले जातो आपन दोघी." आमच्याकडे बायाही 'जातो, करतो' म्हणतात, मायचं ते 'जातो' मला अजून ऐकू येतं.

कळंबला आधी चिंतामणीच्या पायऱ्या उतरून दर्शन घेतलं, मग तिच्या घरी. वहिनी अंगणात शेणसडा करत होती. मायनं पिशवीतून नवी कोरी वही काढली आणि तिच्या हातात दिली. "घे. लिव तुले काय लिवाचं ते. चाल घरी." बस्स. माफी नाही की खुलासा नाही. वहिनी रडली, माय रडली. मी त्या वहीकडे पाहत होते, चांगली दोनशे पानी, आणि इतकं सगळं होऊनही माझ्या मनात आलं, मला मायनं कधी दोनशे पानी वही आणली होती का? परतीच्या एसटीत वहिनी खिडकीशी झोपली तेव्हा माय माझ्या कानाशी म्हणाली, "आता जुनं उकरू नको." मला तेच पाहिजे होतं.

वहिनी पुन्हा लिहू लागली. फक्त एक फरक पडला. तिनं त्यानंतर कधी रेघ मारली नाही. काम झालं की ओळीपुढे एक बारीक टिंब द्यायची. मी पाहिलं होतं, पण विचार केला नाही.

आता मी यवतमाळला असते. माझी याद कधीच गेली. नातवानं मोबाइलमध्ये काहीतरी करून दिलंय, गोळीची वेळ झाली की तो किणकिणतो, पण मला कागदच लागतो. ही सवय वहिनीनंच लावली. दादा गेला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ती रोज सकाळी सातला आर्णीहून फोन करते. भाचेसुना तिच्याभोवती असतात, गल्लीतल्या पोरी तिला विचारायला येतात, आणि मी फोनची वाट पाहते, म्हणजे अजूनही मीच जळायची! "ताई, लिवली का आजची याद?" "लिवली." "वाचा." मी वाचते. रक्तदाबाची गोळी, बँक, मेथी निवडणे. शेवटची ओळ मी वाचत नाही. ती चार वर्षं रोज दुसऱ्या दिवसाच्या कागदावर जाते, रेघ न पडता. 'वहिनीला सांगणे.'

परवा वाचता वाचता ती ओळ तोंडातून निघून गेली. चष्मा नव्हता की धीर आला होता, देव जाणे.

"काय सांगनं हाय मले?" वहिनीनं विचारलं.

मी सांगितलं. बोट कुठे ठेवलं, काय म्हटलं, मायला माहीत होतं ते, आणि सवाष्णीची आठवण असून मी गप्प बसले ते. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी गॅस बंद केला. मग ती म्हणाली, "म्हंजे मी नव्हती मारली रेघ."

"नाही."

"मले वाटे, मीच मारली. मले याद राहत नाही ना, ताई. तुमी हो म्हनलं तं मले वाटलं, मारलीच असन. हे गेले तवा..." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर आली. "तवा मी तेच धरून बसलतो. चार वर्सं."

मला टिंबं आठवली. वहीभर टिंबं, वर्षानुवर्षांची. माफ कर म्हणायला सुद्धा तोंड नव्हतं.

"त्याच्यावर काय लिवलं होतं मंग?" ती म्हणाली. "तुमाले याद असन."

मला याद होतं. इतक्या वर्षांत किती काय विसरले, पण तो कागद नाही. मी म्हणत गेले. "तूर निवडणे. दळण टाकणे. यांच्या सदऱ्याचं बटण, रेघ फक्त याच्यावर होती. मामाजींची पुडी. वांगी चिरणे. धुणं. शेवटची ओळ, ताईंची वेणी घालणे."



"एक डाव अजून वाचा," वहिनी म्हणाली.

मी पुन्हा तूर निवडण्यापासून सुरुवात केली.